भरल्या गाडीतला आवाज

हिल्दार्दो: …आता बोलू नकोस, वळण आलं. ऐक.

मार्लेनी: काय ऐकू, पपा?

हिल्दार्दो: ब्रेक दाबतोय. हां… हा बघ. आला?

मार्लेनी: रुबिएलाबाईंच्या कोंबड्यांचा आला.

रुबिएला: माझ्या कोंबड्यांना काही म्हणायचं नाही हं, मार्लेनी. पाय बांधून पोत्यांमध्ये कोंबलं तर तू तरी गप्प बसशील का? आणि हिल्दार्दो, तू पुढे बघ. समोर दरी आहे आणि तू पोरीचं तोंड बघत बसलायस.

हिल्दार्दो: एकेचाळीस वर्षं जीप घेऊन हाच घाट उतरतोय मी, रुबिएला. दरी तिच्या जागी असते, मी माझ्या.

रुबिएला: आणि मी तुझ्या शेजारी जीव मुठीत धरून. तेही सांग की.

हिल्दार्दो: मार्लेनी, आता टाकीचं वळण येईल. तिथे उतार जास्त आहे. ब्रेक दाबला की एकदा टक होतं. सोडला की परत एकदा, पण बारीक. चाकाबरोबर फिरत नाही तो आवाज. मोजून एक आणि एक.

मार्लेनी: जुने ब्रेक आहेत. करकरायचेच.

हिल्दार्दो: करकर मला ठाऊक आहे. ती सकाळच्या दवाची. दोन वळणांत जाते. हा नवा पाहुणा आहे. तीन आठवडे झाले. कुठून येतो तेवढं मला कळत नाही. डोळे मिट ना जरा, लहानपणी मिटायचीस तशी.

रुबिएला: अगं बाई, हो! पोत्यांवर बसायची डोळे गच्च मिटून. मागे फळीवर उभे असलेले सगळे विचारायचे, “सांग मार्लेनी, कुठे आलो?” आणि ही एवढीशी, नाक वर करून, “क्रूसाचं वळण.” एकदाही चुकली नाही.

हिल्दार्दो: एकदा चुकली. धुकं होतं तेव्हा.

मार्लेनी: धुक्यात आवाज जवळ येतात. तुम्हीच सांगितलं होतंत.

हिल्दार्दो: म्हणून तर तुला विचारतोय. आज धुकं नाही. मागे चौदा माणसं आहेत, केळ्यांचे वीस घड आहेत, गाडी पोट भरून आहे. आलं वळण. गप्प बसा सगळे… हां.

रुबिएला: काय गं, दचकलीस का?

मार्लेनी: खड्डा होता.

हिल्दार्दो: इथे खड्डा नाही.

मार्लेनी: मग दगड असेल.

हिल्दार्दो: मार्लेनी. आला का?

मार्लेनी: नाही.

हिल्दार्दो: काहीच नाही?

मार्लेनी: काहीच नाही, पपा. इंजिन, कोंबड्या, मागच्यांची बडबड. बस.

हिल्दार्दो: दाबल्यावर नाही, सोडल्यावर नाही?

मार्लेनी: नाही म्हटलं ना. मागच्या महिन्यात मी तीन वेळा फोन केला, तो तरी कुठे ऐकू आला तुम्हाला?

हिल्दार्दो: फोन मला ऐकायचा नसतो, म्हणून येत नाही.

मार्लेनी: चौऱ्याहत्तर वर्षांचे झालात तुम्ही. कान थकतात. डोळ्यांना चष्मा लागला तेव्हा नाही वाईट वाटलं, मग हेही तसंच. आहे तो आवाज येत नाही, नाही तो येतो.

रुबिएला: एवढं तोंडावर नको बोलूस गं. बाप आहे तुझा. पेरेइरा शहरातल्या शाळेत शिकवतेस म्हणून काय, याला पण वर्गात उभं करशील?

मार्लेनी: रुबिएलाबाई, दर शनिवारी दुपारी मी वर्गात पुस्तक उघडून बसते आणि फोनकडे बघत असते. पपा खाली पोहोचले की नाही. मुलं वाचत असतात, मला ओळ लागत नाही.

हिल्दार्दो: हे कधी बोलली नाहीस.

मार्लेनी: आज बोलले.

हिल्दार्दो: हं.

रुबिएला: हं काय? पोरगी काय सांगतेय ते ऐकलंस ना?

हिल्दार्दो: मला एकट्याला येत असता तर मी म्हटलं असतं, बाकीच्यांना कान नाहीत. पण हिला आला नाही म्हणजे तो नाहीच. हिचे कान मी स्वतः तयार केलेत.

मार्लेनी: पपा, मी काही…

हिल्दार्दो: नाही, बरोबर बोललीस तू. कान गेलेल्या माणसाने मागे चौदा माणसं उभी करून घाट उतरू नये. दुसरा कुणी असता तर मीच त्याला चौकात धरून सांगितलं असतं. जीपवाल्यांच्या लाइनवर सांगतो, उद्यापासून मी नाही.

रुबिएला: आणि मी कुणाच्या शेजारी बसू?

हिल्दार्दो: डुबेर्नेच्या. जावई आहे तुझा. शिव्या घालायला हक्काचा.

रुबिएला: त्याला शिव्या घालून मजा नाही. तो खाली मान घालतो.

हिल्दार्दो: मागच्यांनो, घट्ट धरा! चौक आला. मार्लेनी, घरी गेल्यावर कॉफी टाक. आणि गूळ मोजत बसू नकोस आज.

(सहा आठवड्यांनंतर. चौकामागचं एलिएसेरचं गॅरेज. शुक्रवारची दुपार.)

एलिएसेर: थांब, थांब, तो नट उलट्या आट्यांचा आहे.

मार्लेनी: माहीत आहे, पाद्रिनो. डाव्या चाकांचे सगळे उलटे. मी उलटाच फिरवतेय.

एलिएसेर: शाब्बास. बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून तुला या हातांवर घेतलं होतं, त्याचं काहीतरी चीज झालं म्हणायचं. मागच्या साली खालच्या गल्लीतल्या एका शहाण्याने सुलट्या दिशेला जोर लावला. तीन बोल्ट मोडले, चौथा मोडला तेव्हा विचारायला आला.

रुबिएला: हे चौथं चाक ना? पाचवं असतं तर तेही उघडलं असतंत तुम्ही दोघांनी. एलिएसेर, डुबेर्ने सकाळपासून दाढी करून बसलाय. उद्या बाजार आहे, वरच्या वाडीत माणसं वाट बघणार. गाडी चांगली आहे का वाईट, एवढंच सांग.

एलिएसेर: मी शब्द दिला की गाडी लाइनवर उभी राहते, रुबिएला. तो देण्याआधी मला बघू तरी दे. मार्लेनी, ड्रम ओढ. सावकाश. आत तोंड घालू नकोस, भुकटी उडेल. हां… लायनर बघ. चांगला जाड आहे अजून. तेल नाही. ड्रम गोल आहे, कुठे ओरखडा नाही. ब्रेकचे शू नीट मागे येतायत. काय चूक काढू यात?

मार्लेनी: बाकीच्या तिन्हीत?

एलिएसेर: हेच. तुझा बाप ब्रेक दाबायचा नाही, विचारून घ्यायचा. दोनदा रिकामी गाडी क्रूसापर्यंत नेऊन आणली मी. काही नाही.

रुबिएला: म्हणजे नव्हताच आवाज. मी तेव्हाच म्हटलं होतं.

मार्लेनी: तुम्ही कधी म्हटलं होतं?

रुबिएला: मनात.

एलिएसेर: त्या संध्याकाळी आला होता तो माझ्याकडे. तू घरी कॉफी करत असशील तेव्हा. इथेच, या टायरवर बसला.

मार्लेनी: मला माहीत नव्हतं.

एलिएसेर: म्हणाला, “एलिएसेर, ब्रेकमध्ये मला काहीतरी ऐकू येतंय असं वाटत होतं. मार्लेनीला बसवून नेलं. तिला नाही आलं.” मी म्हटलं, आणलीच आहेस तर चाक खोलू. तर नको म्हणाला. “गाडी ठीक आहे, बिघाड माझ्यात आहे.” किल्ली खिशातून काढली, उगीच पुसली, परत ठेवली. त्याला निरोपच घ्यायचा होता बहुतेक. माझा नाही, तिचा. बराच वेळ तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होता.

मार्लेनी: अजून काय म्हणाले?

एलिएसेर: म्हणाला, पोरगी शनिवारी फोनकडे बघत बसते. हे त्याला फार लागलं होतं. आणि थोडं आवडलंही होतं, मला वाटतं.

रुबिएला: दुसऱ्या दिवशी सकाळी, तू उठायच्या आधी, माझी पोरगी मक्याचे अरेपा द्यायला गेली, तर हा ओसरीवर खुर्चीत. बूट घातलेले, टोपी डोक्यावर. हिला वाटलं, लाइनवर निघालाय. दोनदा हाक मारली बिचारीने.

एलिएसेर: हृदय होतं ते, मार्लेनी. डॉक्टर म्हणाला, झोपेत असता तरी झालं असतं.

मार्लेनी: हो. मलाही तेच म्हणाले.

रुबिएला: पण मिरवणूक काय निघाली त्याची! चर्चपासून दफनभूमीपर्यंत सगळ्या लाइनच्या जीप, आणि सगळ्यांचे हॉर्न. ड्रायव्हरांच्या कार्मेनमाईच्या सणाला गाड्यांवर पवित्र पाणी शिंपडतात ना जुलैत, तेव्हासुद्धा एवढा आवाज नसतो. पाद्रीबाबांनी कान झाकले.

मार्लेनी: मी पपांच्या गाडीत होते, शवपेटीच्या पायाशी. लहानपणी तिथेच बसायचे मी, शाळेत जाताना. केळ्यांवर पाठ टेकून वाचायचे. पहिली कादंबरी मी या गाडीत वाचली, वरच्या वाडीपासून चौकापर्यंत, रोज आठ-दहा पानं. वळण आलं की पपा पुढून ओरडायचे, “पान उलटू नकोस, थांब!” मग वळण संपलं की, “उलट आता. मेला का तो?”

एलिएसेर: कोण?

मार्लेनी: कादंबरीतला माणूस. पपांना रोज विचारायचं असायचं. स्वतः कधी पुस्तक हातात धरलं नाही, पण गोष्ट त्यांना पूर्ण ठाऊक असायची.

रुबिएला: आणि मागे उभ्या असलेल्या आम्हालाही. एका बाईने विष घेतलं होतं, तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. असो. एलिएसेर, देतोस ना शब्द? माणूस होता सोन्यासारखा, पण कान गेले होते, काय करणार. सगळं गाव म्हणतं, बरं झालं, वेळेवर उतरला. नाहीतर आम्हा सगळ्यांना घेऊन गेला असता क्रूसाच्या वळणावर.

मार्लेनी: कोण म्हणतं?

रुबिएला: कोण म्हणत नाही ते विचार. मी पण म्हणते. वाईट मनाने नाही गं.

एलिएसेर: चाक चढव, मार्लेनी. गाडी चांगली आहे. डुबेर्नेला सांग, उद्या पहाटे—

मार्लेनी: रिकाम्या गाडीत तो येणार नाही.

एलिएसेर: काय?

मार्लेनी: तुम्ही दोनदा रिकामी नेलीत. पपांनी एकेचाळीस वर्षांत रिकामी गाडी कधी चालवली होती?

रुबिएला: लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही. नवरी पुढे, मागे दुसऱ्याच्या केळ्यांचे घड. तुझी आई चर्चच्या दारात उतरली ती चीक लागलेल्या झग्यात.

एलिएसेर: अरे, हो की. मूर्ख म्हातारा झालो मी. भरलेल्या पोटाचं दुखणं आणि उपाशीपोटी तपासतोय.

मार्लेनी: रुबिएलाबाई, बाजारात न्यायचा माल तुमच्या अंगणात तयार आहे ना?

रुबिएला: सोळा घड आणि कॉफीची सहा पोती. पण तो उद्याचा आहे!

मार्लेनी: आज फिरायला जाऊ दे. तुम्हीही या. वजन हवंय.

रुबिएला: हे ऐकलंस, एलिएसेर? वजन हवंय म्हणे. शिकलेल्या बायका अपमानसुद्धा पुस्तकी करतात.

(तासाभराने. वरच्या वाडीत रुबिएलाचं अंगण, माल चढवून झालाय.)

एलिएसेर: रुबिएला, तू बस पुढे. मी मागे पोत्यांवर, तळाच्या पत्र्यावर हात ठेवून बसतो. चाळीस वर्षं हातोडा मारून माझे कान बधिर झालेत, मी हातांनी ऐकतो. मार्लेनी, तू चालव. दुसऱ्या गिअरमध्ये ठेव. घाबरू नकोस.

मार्लेनी: घाबरत नाही. क्लच अजून तसाच आहे, शेवटी शेवटी एकदम पकडणारा.

रुबिएला: तुझी आई असती तर तुला इथे बसलेली बघून बेशुद्ध पडली असती. हळू गं! ती बघ माझी बहीण दारात उभी, तिला वाटेल मला पळवून नेतायत.

एलिएसेर: रुबिएला, देवाचं नाव घेऊन पाच मिनिटं तोंड मिट.

रुबिएला: देवाचं नाव तोंड मिटून कसं घेऊ?

मार्लेनी: टाकीचं वळण. दाबतेय.

एलिएसेर: …आला! हाताला लागला. परत दाब. हां. आता सोड. हां! सोडतानापण. बारीक. मार्लेनी, कानाला कुठून येतोय?

मार्लेनी: मागून. उजवीकडून.

एलिएसेर: थांबव इथेच. हातब्रेक ओढ, चाकाला दगड लाव. मी खाली जातो.

रुबिएला: या वयात रस्त्यावर लोळतोय. तुझी पँट कोण धुणार?

एलिएसेर: टॉर्च दे. अजून जवळ… मार्लेनी, खाली ये. हे बघ, कमानपाटे. पाट्यांची ही सगळी चवड मधून एका बोल्टने बांधलेली असते, आणि चाकांचा ॲक्सल त्यावर बसतो. बोट लाव इथे.

मार्लेनी: हलतंय.

एलिएसेर: बोल्ट आतून तुटलाय. वरून डोकं शाबूत दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येणार नाही. गाडी भरलेली असली आणि उतारावर ब्रेक दाबला की ॲक्सल नखभर मागे सरकतो. टक. सोडला की जागेवर येतो. परत टक. ब्रेकचा दोषच नाही हा. मी ड्रम उघडत बसलो होतो आणि दुखणं हे इथे, वीतभर लांब.

मार्लेनी: किती दिवसांचं असेल?

एलिएसेर: ही रेघ बघ. सगळीकडे गंज, आणि इथे घासून घासून आरशासारखी चकचकीत झालीय. सहा आठवडे गाडीवर ओझं नव्हतं. म्हणजे त्याच्या आधी, रोज थोडं थोडं. दोन-तीन आठवडे तरी.

मार्लेनी: तीन.

रुबिएला: आणि उद्या हे डुबेर्ने घेऊन गेला असता तर?

एलिएसेर: उद्या काही झालं नसतं कदाचित. परवाही नाही. एखाद्या शनिवारी ॲक्सल तिरका झाला असता, आणि मग स्टिअरिंग कुणाच्याही हातात असतं तरी फरक पडला नसता.

रुबिएला: कार्मेनमाई! मी पुढे बसते. मी दरीच्या बाजूला बसते!

एलिएसेर: चौऱ्याहत्तराव्या वर्षी, चालत्या इंजिनात, तुझ्या कोंबड्यांच्या कलकलाटात त्या माणसाने नखभर सरकलेलं लोखंड ऐकलं, रुबिएला. मी चाळीस वर्षं गॅरेज चालवतोय, मला हात लावून कळलं. आणि आम्ही त्याला बहिरा ठरवलं.

रुबिएला: मला काय माहीत होतं. मार्लेनीला नाही आला म्हणून मी…

एलिएसेर: तिला नसेल आला. अशा आवाजाचं तसंच असतं. एखाद्या दिवशी येतो, एखाद्या दिवशी नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस, पोरी. डोळे कशाला पुसतेस? हाताला ग्रीस आहे तुझ्या.

मार्लेनी: आला होता.

एलिएसेर: कधी?

मार्लेनी: त्याच दिवशी. याच वळणावर. दोन्ही वेळा आला, दाबताना आणि सोडताना. आत्ता आला तसाच, इतका स्पष्ट.

रुबिएला: तू दचकली होतीस. मी विचारलं होतं तुला.

मार्लेनी: हो. आणि मी खड्डा म्हटलं.

एलिएसेर: का, मार्लेनी?

मार्लेनी: ते थांबत नव्हते, पाद्रिनो. सांगून झालं, भांडून झालं, डॉक्टरकडून सांगवून झालं. त्यांनी विचारलं तेव्हा एका क्षणात वाटलं की एक “नाही” म्हटलं की हा घाट सुटतोय. गाडीचं नंतर तुम्हाला सांगणार होते, सोमवारी, त्यांना न कळता. मला वाटलं ते माझ्यावर चिडतील. ते ऐकतील असं नव्हतं वाटलं.

एलिएसेर: तुझं ऐकायचा तो.

मार्लेनी: आता कळतं ते.

रुबिएला: आणि सहा आठवडे सगळं गाव म्हणतंय आणि तू ऐकतेयस?

मार्लेनी: पपा गेल्यानंतरच्या नवव्या रात्रीच्या प्रार्थनेलाही कुणीतरी म्हणालं. मी कॉफी वाढत होते. वाढत राहिले.

रुबिएला: मी उद्या सांगणार आहे. फळीवर उभ्या असलेल्या चौदाच्या चौदा जणांना. हिल्दार्दोच्या कानात काही बिघाड नव्हता म्हणून. तुझं नाव घेऊन सांगणार आहे, मार्लेनी. मला गप्प बसायला सांगू नकोस.

मार्लेनी: घ्या नाव. म्हणून तर बोलले.

एलिएसेर: पुरे आता, रुबिएला. चल, उतर. चालत चौकापर्यंत जाऊ. गॅरेजात जुन्या बोल्टांचा डबा आहे, मला एकट्याला सापडणार नाही. तुझे डोळे बरे आहेत.

रुबिएला: एवढ्या उन्हात चालत? ही एकटी बसेल का इथे?

एलिएसेर: बसू दे तिला गाडीत. अर्ध्या तासाचं काम आहे आपलं.

रुबिएला: …हे घे, मार्लेनी, माझा रुमाल. ग्रीस पुस आधी. रडणं मग कर.

मार्लेनी: पपा… मागून येत होता, उजवीकडून. तुम्हाला बाजू कळत नव्हती ना, ती मला कळली होती. तुमचे कान चांगले होते, पपा. मला तुम्ही घरी हवे होतात, एवढंच.